कारण : वैयक्तिक

बँकेतल्या जवळजवळ प्रत्येक छापील फॉर्मवर एक रकाना असतो. 'कारण'. कर्ज पाहिजे? कारण लिहा. मुदतठेव मुदतीआधी मोडायची आहे? कारण लिहा. रजा पाहिजे? कारण लिहा. काउंटरच्या अलीकडच्या बाजूला बसून मला वीस वर्षे झाली. या वीस वर्षांत त्या रकान्यात खरे कारण लिहिलेले मी पाहिलेले नाही. 'घरदुरुस्ती' म्हणून काढलेल्या कर्जात मुलीचे लग्न उरकते, 'मुलीचे लग्न' म्हणून मोडलेल्या ठेवीत थोरल्याचे देणे फिटते, आणि ज्याचे घर खरोखरच गळत असते तो 'शैक्षणिक' असे लिहून मोकळा होतो. यात लबाडी फारशी नसते. खरे कारण चारचौघांत, त्यातून एवढ्याशा रकान्यात, दोरीला बांधलेल्या बॉलपेनने लिहायची माणसाला लाज वाटते, एवढेच. जे फार अनुभवी असतात ते एकच शब्द लिहितात : 'वैयक्तिक'. हा शब्द दिसला की आम्ही मान खाली घालून शिक्का मारतो.

हे पुराण लावायचे कारण एक कादंबरी आहे. (हे मात्र खरे कारण.)

त्याचे असे झाले. आमच्या सौभाग्यवतींना दुपारचे वाचायला काहीतरी हवे होते. तिची मागणी भाजीच्या यादीसारखी नेमकी असते. "प्रेम पाहिजे, खून पाहिजे, आणि दोन्ही एकाच पुस्तकात पाहिजेत. मागच्या वेळेसारखं कुणाचं आत्मचरित्र उचलून आणू नका." फोर्टातल्या फुटपाथवरच्या एका जुन्या पुस्तकवाल्याला मी ही मागणी जशीच्या तशी ऐकवली. त्याने ढिगाच्या बुडातून एक पिवळे पडलेले पुस्तक ओढून काढले, मांडीवर आपटून धूळ झटकली आणि म्हणाला, "ये लो साब. लव भी है, मर्डर भी है. मारनेवाला मारना नहीं चाहता."

पन्नास सांगितले, चाळीसला दिले. त्याच्या त्या तीन वाक्यांत पुस्तकाचे जेवढे समीक्षण होते तेवढे नंतर मला मागच्या मलपृष्ठावरही सापडले नाही. फक्त तिसऱ्या वाक्यात एक चूक होती, ती पुढे कळली.

पुस्तकाचे नाव 'रोग मेल'. लेखक जेफ्री हाऊसहोल्ड. दुसऱ्या दिवशी टेबलावर ते पाहून आमचा कॅशियर म्हणाला, "रोग मेल? ही कुठून सुटते? कल्याणला थांबते का?" घरी सासरेबुवांनी ते होमिओपॅथीचे समजून दोन पाने वाचली आणि औषधाचे नाव कुठेच येत नाही म्हणून परत ठेवले. तेव्हा खुलासा करतो. रोग म्हणजे आपला रोग नव्हे. कळपातून फुटून एकटाच हिंडणारा नर. आपल्याकडे अशा हत्तीला एकांडा म्हणतात. कळपातल्या हत्तीपेक्षा लोक याला जास्त भितात, कारण हा कधी काय करील ते त्याचे त्यालाही सांगता येत नाही.

सौ.ने पहिले पान उघडून लगेच मिटले. "अक्षर मुंगीएवढं आहे. तुम्हीच वाचा आणि मला रोज थोडं थोडं सांगा." अशा रीतीने ही कादंबरी मी सकाळच्या गाडीत वाचली आणि संध्याकाळी, ती गवार निवडत असताना, मराठीत कथन केली. टीकाकाराला पुस्तक नीट कळायचे असेल तर त्याने ते गवार निवडणाऱ्या बाईला सांगून पाहावे. शेंगांच्या शिरा काढता काढता ती गोष्टीच्याही काढते.

कादंबरी १९३९ सालची आहे. खानदानी, पैसेवाला, नावाजलेला इंग्रज शिकारी गोष्ट सांगतो आहे. पोलंडमध्ये शिकारीला गेलेला हा गृहस्थ सरहद्द ओलांडून शेजारच्या देशात शिरतो आणि तिथल्या हुकूमशहाच्या डोंगरातल्या निवासापर्यंत लपतछपत, सरपटत जाऊन पोचतो. समोर गच्चीवर हुकूमशहा. याच्या हातात दुर्बीण बसवलेली रायफल. नेम धरलेला. तेवढ्यात मागून पहारेकरी येऊन त्याला धरतात. हुकूमशहाचे नाव पुस्तकात नाही, देशाचेही नाही. १९३९ सालच्या वाचकाला मिशीचे माप सांगायची गरज नव्हती. पुढे लेखकाने स्वतःच मोकळेपणाने सांगितले की डोळ्यांपुढे हिटलर होता.

पकडणाऱ्यांना हा माणूस सांगतो, मला मारायचे नव्हते. एवढ्या पहाऱ्यातून एवढ्या मोठ्या सावजाजवळ पोचता येते का, ते फक्त पाहायचे होते. शिकाऱ्याची हौस. ते ऐकून त्यांना हसू येते. आपल्याला मात्र येत नाही, कारण तो आपल्यालाही तेच सांगत असतो, आणि इतक्या सभ्य, रुक्ष, हिशेबी भाषेत सांगतो की मी तरी विश्वास ठेवला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या की माझा विश्वास बसतो.

सौ. म्हणाली, "नुसतं बघायचं होतं तर दुर्बीण न्यायची. बंदूक कशाला नेली?"

"अगं, हौस असते एकेकाची."

"भाव बघून येतो म्हणून मंडईत जाणारा माणूस चार पिशव्या घेऊन जातो का? तो खोटं बोलतोय."

"कुणाशी?"

"ते पुढे कळेल. सांगा."

हे पहिल्या प्रकरणावरचे तिचे मत. मला तिथे पोचायला पुस्तकाचा शेवटचा तिसरा भाग उजाडावा लागला.

मधला भाग थोडक्यात सांगतो, कारण रहस्यकथेतली पळापळ सांगण्यात मजा नसते. ते त्याचे हाल करतात, हातांची वाट लावतात, आणि अपघात दिसावा म्हणून कड्यावरून ढकलून देतात. तो दलदलीत पडतो म्हणून वाचतो. रखडत बंदर गाठतो, एका इंग्लिश बोटीच्या पाण्याच्या रिकाम्या टाकीत लपून लंडनला येतो. तिथेही पाठलाग. आल्डविच नावाच्या भुयारी स्टेशनात (हे स्टेशन १९९४ साली बंद झाले) पाठलाग करणारा एक जण याच्या हातून विजेच्या रुळावर मरतो. आता शत्रूही मागे आणि स्वतःच्या देशाचे पोलीसही मागे. मारायचेच नव्हते म्हणणाऱ्या माणसाच्या खात्यावर पहिला खून पडतो तो असा. ज्याच्यावर नेम धरला होता तो तिकडे गच्चीवर सुखरूप आहे. पुढे दुसराही पडतो. तोही तो नव्हे. नेम एकावर आणि नावे भलत्याचीच पडताहेत, हे आमच्याकडे झाले असते तर हिशेबतपासनिसाने शाखा डोक्यावर घेतली असती.

आता दोन शब्द लेखकाविषयी, कारण तिथे आमच्या धंद्याचा मान वाढतो. हा हाऊसहोल्ड १९०० सालचा. ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य शिकून १९२२ साली तो लागला कुठे? बँकेत! रुमानियात, बुखारेस्टला. चार वर्षे त्याने तिथे काढली, मग बँक सोडली आणि स्पेनमध्ये जाऊन केळी विकायला लागला. मग देशोदेशी छपाईची शाई विकली. हे मी शाखेत सांगितले तेव्हा तिघांनी वेगवेगळे गाठून स्पेनमधल्या केळ्यांची चौकशी केली. युद्ध लागल्यावर ब्रिटिश गुप्तचर खात्याने त्याला पुन्हा रुमानियातच पाठवले. या खेपेला तिथल्या तेलविहिरी उडवायच्या बेतात सामील व्हायला. म्हणजे ज्या देशात हा वीस-बावीस वर्षांचा असताना टेबलावर बसला होता, तिथेच चाळिशीला टेकल्यावर सुरुंगाच्या कामावर. बढतीचा हा प्रकार आमच्याकडे अजून नाही.

योगायोग असा की कागदावरची ही गोष्ट प्रत्यक्षातही घोळत होती. बर्लिनच्या ब्रिटिश वकिलातीतला लष्करी अधिकारी नोएल मेसन-मॅकफार्लेन याने युद्धाच्या आधीच लंडनला सुचवले होते की, हिटलर जिथे उभा राहून सलामी घेतो ती जागा माझ्या घराच्या खिडकीतून बंदुकीच्या टप्प्यात येते, तेव्हा हुकूम करा. वरिष्ठांनी प्रस्ताव नामंजूर केला. असले करणे आपल्याला शोभत नाही, असा एकूण सूर. प्रस्ताव नामंजूर करताना मुख्य कचेरीची भाषा नेहमीच फार खानदानी असते.

तर आपला नायक डॉर्सेट परगण्यात जाऊन जमिनीत शिरतो. अक्षरशः. तिथे दोन शेतांच्या बांधांमधून जाणारी एक जुनी गाडीवाट आहे. शेकडो वर्षांच्या गाड्यांनी आणि पावसाच्या पाण्याने ती इतकी खाली खचली आहे की दोन्ही बाजूंना पुरुषभर दरडी आणि वर झाडाझुडपांची गच्च छपरी. कोकणात, घाटावर ज्याला पाणंद म्हणतात तसलीच, पण कित्येक वर्षे कुणी न वापरलेली. त्या पाणंदीच्या कुशीत तो बीळ खणतो आणि राहतो. हा भाग मी दोनदा वाचला. ओल, अंधार, स्वतःचा वास, डब्यातले अन्न, आणि जोडीला एक रानटी होत चाललेले मांजर. माणूस हळूहळू जनावर कसा होतो हे लेखकाने एकही मोठा शब्द न वापरता लिहिले आहे. तो आधी कपड्यांची काळजी सोडतो, मग वेळेची, मग आवाज ऐकून विचार करण्याआधीच अंग चोरतो. मुंबईत एका खोलीत संसार केलेल्या माणसाला हे प्रकरण परके वाटणार नाही, हे मी सौ.समोर बोलून गेलो, आणि त्यानंतरची गवार जरा जोरात मोडली गेली.

आणि मग मेजर क्विव्ह-स्मिथ येतो. मराठी रहस्यकथांवर वाढलेल्या माणसाला खलनायक कसा असतो ते ठाऊक असते. वडिलांच्या ट्रंकेत बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार होता, काळा पहाड होता. दुष्ट माणूस गडगडाटी हसल्याशिवाय त्यात एक पानही पुढे सरकत नसे. हा मेजर हसत नाही. अतिशय सभ्य. शेजारच्या शेतावर पाहुणा म्हणून राहतो, लहानसहान शिकार करतो, आणि एक दिवस बिळाचे तोंड बंद करून हवेच्या भोकातून आत बोलायला लागतो. आत हा, बाहेर तो, मध्ये माती. दिवसचे दिवस नुसते बोलणे चालते. पुस्तकातला सगळ्यात थरारक भाग म्हणजे न हलता बसलेल्या दोन माणसांचे संभाषण आहे.

मेजरला काय हवे असते? सही.

मी ते वाक्य वाचले आणि गाडीत ताठ बसलो. एवढे खून, पाठलाग, बोटी, दलदल, आणि सगळे येऊन ठेपले सहीवर! मेजरजवळ कागद तयार आहे. त्यावर लिहिले आहे की या माणसाने जे केले ते ब्रिटिश सरकारला माहीत असताना केले. खाली सही केलीस की सुटलास. आम्ही तुला सुखात ठेवू. धमकी नाही, घाई नाही. आमच्या काउंटरवर जामीनदाराला घेऊन येणारे लोक असेच मऊ बोलतात. "काही नाही हो काका, फक्त सही." 'फक्त सही' म्हणणाऱ्या माणसाचा आवाज मी वीस वर्षे ऐकतो आहे. तो हाऊसहोल्डने बरोब्बर पकडला आहे. बँकेतली चार वर्षे वाया गेली नाहीत.

तो सही करत नाही. कागदावरचे कारण खोटे आहे म्हणून. कुणी पाठवले नव्हते मला, तो म्हणतो. मग मेजर विचारतो, मग का गेलास? हौस. हौसेसाठी कुणी मरणाच्या दाढेत जातो? पुन्हा विचारतो. पुन्हा. आणि इथे कादंबरी जे करते त्यासाठी मी तिला शंभरातल्या इतर नव्वद थरारकथांपासून वेगळी काढीन. शत्रूने भरून आणलेले खोटे कारण खोडता खोडता या माणसाला स्वतःचे खोटे कारणही हातातून निसटताना दिसते. मेजरला हवे असलेले कारण 'सरकारी'. याने आजवर लिहिलेले 'हौस'. दोन्ही खोडल्यावर रकाना रिकामा राहतो, आणि त्या मातीच्या अंधारात त्याला कळते की आपण खरोखरच मारायला गेलो होतो. त्या राजवटीने एका स्त्रीला गोळी घातली होती. तिच्यावर याचे प्रेम होते.

फुटपाथवरच्या त्या पुस्तकवाल्याचे तिसरे वाक्य म्हणून चुकले. मारनेवाला मारना चाहता है. त्याला ते कबूल करायचे नाही, कारण ते कबूल केले तर ती मेली हेही कबूल करावे लागते.

फ्रेडरिक फोर्साइथचा 'जॅकल' १९७१ साली आला आणि जगभर गाजला. मलाही आवडतो. पण तो धंदेवाईक मारेकरी आहे. द गॉलला मारायचे पाच लाख डॉलर, त्यातले निम्मे आगाऊ, स्विस बँकेत. व्यवहार स्वच्छ, कारणाचा रकाना पहिल्याच भेटीत भरलेला. वाचताना पुढे काय होणार याची धास्ती वाटते, पण त्या माणसाला आत काही दुखते आहे अशी शंका एकदाही येत नाही. हाऊसहोल्डच्या माणसाचे सगळेच उलट. नाव नाही, पत्ता नाही, फोटो नाही. केवायसीच्या नियमाने आम्ही त्याचे खातेसुद्धा उघडले नसते. पण पुस्तक मिटल्यावर आठवतो तो हाच.

"ती कशी होती?" सौ.ने विचारले. गवार संपून लसूण सुरू झाला होता.

"सांगितलेलं नाही."

"नाव?"

"नाही."

"केस, डोळे, साडी... म्हणजे झगा, काहीच नाही?"

"जेमतेम पाव पान आहे ग तिच्यावर."

"आणि मांजराचं नाव?"

"अ‍ॅस्मोडियस."

ती बराच वेळ लसूण सोलत राहिली. मग म्हणाली, "आमच्या आजीने आजोबांचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही. आजोबा गेल्यावर उखाण्यातही घेतलं नाही. मांजराला मात्र दिवसभर हाका मारायची."

यावर मी काही बोललो नाही. कारण मांजराचे पुढे काय होते ते तिला अजून सांगायचे होते. मेजर ते मारतो, आणि बिळात अडकलेल्या माणसाकडे त्याचे कलेवर पोचते. ज्या माणसाने स्वतःच्या छळाचे वर्णन औषधाच्या बिलासारखे कोरडे केले आहे, त्याचा आवाज या मांजराशी येऊन बदलतो. न झालेला शोक शेवटी कुठून तरी बाहेर पडणारच. त्याच मांजराच्या कातड्याच्या वाद्या करून तो मातीच्या आतल्या आत एक ओबडधोबड यंत्र बनवतो आणि हवेच्या भोकातून मेजरचा वेध घेतो. शाळकरी मुलाच्या बेचकीचा मोठा भाऊ म्हणा. हे मी सांगितले तेव्हा सौ. "ई!" म्हणाली आणि लगेच "बरं झालं" असेही म्हणाली.

सिनेमावाल्यांना मात्र पाव पानाचे प्रेम पुरेना. १९४१ साली फ्रिट्झ लँगने हॉलिवूडमध्ये यावर 'मॅन हंट' काढला. नायकाला नाव दिले, थॉर्नडाइक, आणि लगेच एक जिवंत नायिका दिली. जोन बेनेट तिचे काम करते, लंडनच्या गल्लीतली जेरी नावाची मुलगी. आता ही मुलगी रात्रीची एकटी रस्त्यावर का हिंडते, हा प्रश्न तिथल्या नीतिरक्षक मंडळाला पडला. म्हणून तिच्या खोलीत एक शिवणयंत्र ठेवण्यात आले, म्हणजे ती शिवणकाम करून पोट भरते असे प्रेक्षकांनी समजावे! तिच्याही बाबतीत कारणाचा रकाना असा परस्पर भरला गेला. सिनेमा वाईट नाही. नायक तिला टोपीला लावायची बाणाच्या आकाराची पिन घेऊन देतो आणि शेवटी त्याच पिनेच्या टोकाने मेजर मरतो, हे दृश्य झकास आहे. पण मेलेल्या प्रेयसीच्या जागी मरणारी प्रेयसी आली, आणि गोष्ट साधी झाली. बकनच्या 'थर्टी-नाइन स्टेप्स'चेही हेच झाले होते. १९१५ च्या त्या पुस्तकात नायिका नाही. १९३५ साली हिचकॉकने एक आणली आणि ती पळून जाऊ नये म्हणून नायकाबरोबर बेडीत अडकवली. पडद्याला समोर बाई लागते. पुस्तकाचे तसे नसते. जी पानात नाही तिच्यासाठीच दोनशे पाने लिहिली आहेत, हे पुस्तकात जमते.

दोष आहेत. मोठे आहेत. पहिला म्हणजे नायकाचा खानदानी तोरा. माणसाच्या बोलण्याच्या ढबीवरून तो कुठल्या वर्गातला हे हा क्षणात ओळखतो, आणि वरच्या वर्गातला असला की त्याला विश्वासाचा समजतो. माझ्यासारख्या चाळीतल्या वाचकाने हे पुस्तक वाचावे हेच त्याला आवडले नसते. तो टाकीत लपला, चिखलात लोळला, तरी मनातून बंगल्यातून उतरला नाही. दुसरा दोष पैशाचा. एवढ्या धावपळीत त्याला कधी पैसे कमी पडत नाहीत. लंडनमध्ये एक वकील मित्र आहे, तो सगळी व्यवस्था बघतो. रांग नाही, टोकन नाही, सहीचा नमुना जुळत नाही म्हणून परत पाठवणे नाही. हात इतके जायबंदी झालेल्या माणसाची सही पूर्वीसारखी येईल का, हा प्रश्न लेखकाला पडायला हवा होता, तो बँकेतला माणूस होता! तिसरा म्हणजे मेजर मेल्यानंतरचा भाग. मेजरच्या हाताखालचा माणूस फारच लवकर शरण येतो, नायक मेजरची कागदपत्रे घेऊन टँजियरला निघून जातो, आणि पुन्हा त्या हुकूमशहाच्या शोधात जाण्याचा बेत सांगून गोष्ट थांबते. हे सगळे महिनाअखेरीला घाईने मारलेल्या नोंदींसारखे वाटते. लेखकाने १९८२ साली, म्हणजे तब्बल त्रेचाळीस वर्षांनी, याचा पुढचा भाग लिहिला. पहिल्या पुस्तकाची सर त्याला नाही. खरे कारण एकदा सांगून झाले होते. दुसऱ्यांदा सांगायला उरले काय?

तरीही मी म्हणेन, वाचावे. फार पळापळीची आवड असेल त्याने पाणंदीचे प्रकरण येईपर्यंत धीर धरावा आणि ज्याला प्रेमकथा हवी त्याने ते आल्यावर. शेवटची चाळीस पाने मी गाडीत संपवू शकलो नाही, म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'डोकेदुखी' लिहिले. साहेबांनी अर्जाकडे पाहिले, माझ्या काखेतल्या पुस्तकाकडे पाहिले आणि सही केली.

त्याच आठवड्यात आमच्या काउंटरवर एक निवृत्त मास्तर आले. दर महिन्याच्या सात-आठ तारखेला येतात. खाते नवरा-बायको दोघांच्या नावावर. बाई जाऊन दोन वर्षे झाली, हे सगळ्या शाखेला ठाऊक आहे, कारण त्या दहाव्याला आमचे दोघे जण गेले होते. पण कागदोपत्री बँकेला ते कळलेले नाही. मृत्यूचा दाखला आणा, नाव कमी करून देतो, असे मी त्यांना पहिल्या वर्षी तीनदा सांगितले. "हो हो, विसरलोच बघा," असे ते तिन्ही वेळा म्हणाले. कविता तोंडपाठ शिकवलेला माणूस, विसरणारा नव्हे.

या वेळी त्यांनी पासबुक खिडकीतून आत सरकवले. "नवीन द्या. हे भरलं."

मी उघडून पाहिले. आठ पाने कोरी होती. पहिले पान मात्र पार उडाले होते. त्या छपाईची शाई लवकर पुसट होते. पत्ता दिसत होता, मास्तरांचे नाव दिसत होते, आणि त्याखालच्या ओळीत दुसरे नाव होते की नव्हते हे सांगायला चष्मा पुसून घ्यावा लागत होता.

नवीन पासबुक द्यायचे तर आमच्याकडे एक लहान नोंद करावी लागते. त्यात 'कारण' असा रकाना आहे. मी लिहिले : 'जुने भरले'. यंत्रात कोरे पासबुक घातले, दोन्ही नावे ठळक उमटल्याची खात्री केली आणि शिक्का मारला.